पापडखारातल्या तारा

बास गिटारच्या तारा किती दिवसांनी बदलायच्या, या एका प्रश्नावर आमच्या घरात जेवढं बोलणं झालंय, तेवढं माझ्या माहेरी माझ्या लग्नावरही झालं नव्हतं. माझं मत असं की आवाज मेला की तार बदलावी. माझ्या नवऱ्याचं, म्हणजे ललितचं, मत असं की तुटली की बदलावी. आता बासची तार असते चांगली जाडजूड, ती काय सहज तुटते होय. म्हणजे ललितच्या मताचा अर्थ एवढाच की ती कधीच बदलायची नाही.

आम्ही धुळ्याचे. ललितचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. त्यातली काळी पडलेली तांब्याची तार तो ओढून काढतो आणि नवी भरून देतो. दिवसभर दुसऱ्यांच्या तारा बदलणारा हा माणूस स्वतःच्या चार तारांना कोणाला हात लावू देत नाही. मी सकाळी बालवाडीत शिकवते आणि लग्नसराईत झुलालभाऊंच्या अहिराणी ऑर्केस्ट्रात गाते. ललित त्याच ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. आमचं जमलंही तिथंच. मी पुढं उभी राहून गायची, आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी मला सांभाळून घेतंय असं मला वाटत राहायचं. ठेका कुठं निसटायला लागला की मागून अलगद धरला जायचा. एकदा गाणं संपल्यावर वळून बघितलं, तर हा मान खाली घालून उभा होता. मग काय, पुढच्या मोसमात लग्न.

बास वाजवणाऱ्याचं नशीब मात्र मोठं वाईट. साध्या गिटारला सहा तारा, याच्या गिटारला चार. त्यामुळे गावोगावी कोणीतरी हमखास जवळ येतं, काळजीनं गिटारकडे बघतं आणि विचारतं, "भाऊ, तुमन्या दोन तारा तुटी गयात का?" ललित आधी समजावून सांगायचा. हल्ली तो नुसतं "हां भो" म्हणतो आणि पुढं सरकतो.

त्याची बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हणेल की बायकोनं एकतर्फी लिहिलं. त्याचं म्हणणं, जुन्या तारेचा आवाज मुरलेला असतो. मी म्हणते, मुरायला ते काय लोणचं आहे? तो म्हणतो, तुला नाही कळायचं. त्या तारा आमच्या लग्नाआधीच्या. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचे फोटो आहेत, आणि तेव्हाही त्या काळपटच दिसतात. आमच्याकडे कार्यक्रमाआधी यजमान जेवू घातल्याशिवाय सोडत नाहीत. शेवभाजी ओरपायची, हात रुमालाला पुसायचा आणि गिटार गळ्यात अडकवायची, हा ललितचा शिरस्ता. धुळ्या-जळगावच्या निम्म्या लग्नांचं तेल त्या तारांनी पोटात घेतलेलं आहे.

तर या वर्षी चैत्रात झुलालभाऊ आमच्या घरी आले. ऑर्केस्ट्रा त्यांचा. माणूस मनानं वाईट नाही, पण बोलायचं काही अवघड असलं की आधी दोन कप चहा घेतो. त्या दिवशी दुसरा कप मागितला तेव्हाच मी ओळखलं.

"ललित, वाईट वाटी लेवू नको," भाऊ म्हणाले. "पन नवा कीबोर्डमा बास शे. डावा हातनी निघस. तुनी गिटार ऐकूच येत नही भो. नशिराबादनी हळद व्हई जावू दे, मंग तू आराम कर."

ललित रागावला असता तर बरं झालं असतं. तो "बरं भाऊ" म्हणाला, त्यांना फाटकापर्यंत सोडून आला आणि आतल्या खोलीत गिटार मांडीवर घेऊन बसला. स्पीकर नाही, काही नाही, नुसताच बोटं फिरवत राहिला. मला त्याची फार दया आली आणि त्याहून जास्त राग आला. हा माणूस बोलका नाही. चारचौघात बसला तरी कोपऱ्यातच बसणार. मंचावर मात्र त्याचं एक ठिकाण होतं, ढोलकीच्या डावीकडे आणि माझ्या मागे. ते गेलं की उरलं वाइंडिंगचं दुकान. आणि मला कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर गायचं नव्हतं. ललित मागे नसेल तर मला गायचंच नव्हतं, खरं सांगायचं तर.

पण झुलालभाऊंचं खोटं होतं असंही नाही. ललितच्या गिटारचा आवाज उशी बडवल्यासारखा यायचा. भद्द, भद्द. सूर कोणता ते त्याला माहीत आणि मला माहीत, कारण मी त्याची बोटं ओळखते. तिसऱ्याला कळायचं काही कारण नव्हतं.

मी त्याच रात्री जेवताना विषय काढला. तारा बदल. तो म्हणाला, आता एका हळदीसाठी कशाला. मी म्हणाले, एका हळदीसाठीच. त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, मी माझा आवाज ठेवणीतला काढला, आणि शेवटी सासूबाई मध्ये पडल्या. माझ्या सासूबाईंचं, तानुबाईंचं, गिटारविषयी काही मत नाही, पण ताटावर भांडण त्यांना चालत नाही. त्यांच्या धाकानं ललित "बरं" म्हणाला.

म्हणाला खरा, पण तारा मिळतात कुठं? धुळ्यातल्या वाद्यांच्या दुकानात सहा तारांचे संच होते, बासचा नव्हता. जळगावच्या दुकानात फोन केला, तर तो म्हणाला की बासच्या तारा कोणी नेतच नाही, ठेवून काय करू. फोनवरून मागवायला गेलो तर पार्सल हळदीनंतर येणार होतं. मागवून टाकलं, पण ललितनं हुश्श केलेलं मी बघितलं. त्याला वाटलं सुटलो.

सुटतो कसला. मी मोबाइलवर शोधत बसले आणि मला एक व्हिडिओ सापडला. एक गोरा माणूस बासच्या तारा काढून पातेल्यात उकळत होता. तारांच्या वेढ्यांमध्ये बोटांचा घाम नि तेल जाऊन बसतं, म्हणून आवाज मरतो. उकळल्या की मळ निघतो आणि तार थोडे दिवस पुन्हा बोलायला लागते. मी ललितला दाखवलं.

"तारा काय शेंगा शेतस का उकाळाले?" तो म्हणाला.

पण आमच्या मागच्या अंगणात त्या दिवशी चूल पेटलेलीच होती. सासूबाईंचा बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, घाट चालू होता. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या घातल्या नाहीत तर आमच्याकडे घर चालत नाही असं समजतात. पिठाचा घाटा शिजला होता, शेजारच्या बेबाबाई मदतीला आल्या होत्या, आणि दुसऱ्या पातेल्यात पाणी रटरटत होतं. मी ललितला हाताला धरून गिटारसकट अंगणात आणलं. त्यानं एकेक खुंटी सैल केली. तार सुटताना तिच्याकडे असा काही बघत होता, जणू लेक सासरी चालली होती. चारही तारांची वेटोळी करून मी पाण्यात सोडली.

सासूबाई वाकून बघायला आल्या. पाण्यावर तेलाचा तवंग आला होता, पण मळ काही सुटत नव्हता. त्यांनी पळीनं एक तार उचलली, बोटानं चोळली आणि नाक मुरडलं.

"कितलं तेलकट शे हाई. नुसता पानीनी काय निघस?" असं म्हणून त्यांनी बाजूच्या डब्यातला पापडखार मूठभर घेतला आणि पातेल्यात टाकला. विचारणं नाही, सांगणं नाही.

पाणी फसफसून वर आलं. ललित "माय, माय" करत पुढं धावला. मीही घाबरले, कारण व्हिडिओतल्या गोऱ्या माणसाकडे पापडखार नव्हता. पण सासूबाई शांतपणे पळी फिरवत राहिल्या, आणि बघता बघता पाणी आधी पिवळं, मग तांबडं, मग चहाच्या चोथ्यासारखं काळं झालं. बेबाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"हाई तारास्नं पानी शे का शेवभाजीनी तर्री?" सासूबाई म्हणाल्या. ललितकडे बघायची सोय नव्हती.

दोनदा पाणी बदललं. मग तारा स्वच्छ पाण्यातून काढल्या आणि गच्चीवर बिबड्यांच्या शेजारी खाटेवर टाकल्या. ललित दुकानात गेलाच नाही. तासातासानं तो तारा पालथ्या करत होता आणि सासूबाई त्याला सांगत होत्या की लगे हात बिबड्याही पालथ्या कर. संध्याकाळी त्यानं कोरड्या कापडानं एकेक तार पुसली, गंज धरू नये म्हणून वेढ्या-वेढ्यातून फुंकर घातली आणि पुन्हा चढवली. खुंटीपाशी जुना पीळ होता तिथं मोडेल की काय या भीतीनं त्याला घाम फुटला होता. मोडली नाही.

घरातला छोटा स्पीकर लावून त्यानं जाड तार छेडली आणि झटकन हात मागे घेतला. मलाही कळलं. उशी नव्हती ती. आवाजाला काठ होता, सुरुवात होती, आणि तो संपेपर्यंत त्यातला सूर कानाला धरून ठेवता येत होता. त्यानं पुन्हा छेडली. मग दुसरी, तिसरी, चौथी.

"हाई मनी गिटार शे?" तो म्हणाला. एवढंच. पण जेवायला हाक मारली तर उठेना.

नशिराबादची हळद बन्सीलाल नानांच्या घरची. त्यांच्या नातवाचं, तेजसचं लग्न. मोठे केळीवाले, भाऊबंद भरपूर. उन्हाचा त्रास नको म्हणून हळद सकाळीच ठेवलेली आणि दुपारी वरण-बट्टीची पंगत. आम्ही पहाटे धुळ्याहून निघालो. गाडीत ललित गिटार उभी धरून बसला होता आणि दर थोड्या वेळानं फडक्यानं तारा पुसत होता. मी हसले तर रागावला. सकाळी नाश्त्याला त्यांनी शेवभाजी वाढली, आणि माझ्या नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा साबणानं हात धुतले.

पण घोळ वेगळ्याच ठिकाणी होता. आमचा साउंडवाला भूपेंद्र. मंचासमोर एका बाजूला टेबल टाकून, कानाला हेडफोन लावून तो मिक्सर सांभाळतो. ललितच्या मेलेल्या तारांचा आवाज वाढवला की सगळ्या गाण्यात नुसता चिखल व्हायचा, म्हणून त्यानं ललितचं बटण वर्षानुवर्षं तळाशी ठेवलेलं. ललितनं त्याला जाऊन सांगितलं की आज जरा वाढव. भूपेंद्रनं मान न उचलता "येतंय, येतंय" केलं. मग मी गेले. तर म्हणतो, "ताई, झुलालभाऊंनी सांगितलंय, कीबोर्ड वर ठेवायचा." झालं. तारा चकचकीत, आणि आवाज बटणाखाली दाबलेला.

कार्यक्रम सुरू झाला. मी हळदीची दोन गाणी म्हटली. मांडवात तीनेकशे माणूस होतं, पण सगळं आपापल्या गप्पांत. बाया हळदीच्या ताटाभोवती, पुरुष मागे पंख्याखाली. मुरवत म्हणून चार टाळ्या. मी मध्येच मागे बघितलं. ललित डोळे मिटून वाजवत होता, आणि भलताच आनंदात होता. त्याला मंचावरच्या त्याच्या छोट्या स्पीकरमधून ऐकू येत होतं. त्याला वाटत होतं सगळ्यांना ऐकू येतंय. त्याचा शेवटचा कार्यक्रम होता आणि त्याच्या बोटांतून इतके स्वच्छ सूर निघत होते, आणि ते मंचाखाली एकालाही पोचत नव्हते. मी गाता गाता झुलालभाऊंना मनात नको नको ते बोलले.

तिसरं गाणं नाचाचं होतं. तेजसची बहीण कामिनी आणि तिच्या मैत्रिणी कुठं जेमतेम उभ्या राहिल्या होत्या, तेवढ्यात बन्सीलाल नाना मांडवात आले. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर आठ्या. मागे बट्टी तळून झाली होती. बट्टी गरम आहे तोवर बट्टी, थंड झाली की दगड. पंगत बसवायची तर गाणं थांबायला हवं. मंचावरून त्यांच्याकडे कोणी बघेना, म्हणून ते तरातरा भूपेंद्रच्या टेबलापाशी गेले, पंजा वर केला आणि म्हणाले, "बास."

भूपेंद्रनं हेडफोन थोडा बाजूला केला, मान डोलावली, आणि ललितचं बटण वर सरकवलं.

मला वरून सगळं दिसत होतं, पण मी अंतऱ्यात होते आणि क्षणभर मलाही उलगडा झाला नाही. मोठ्या स्पीकरमधून धम्म असा एक सूर आला. कामिनीचे पाय जागच्या जागी अडखळले आणि मग बरोबर पडायला लागले.

नाना वैतागले. त्यांनी पंजा आणखी वर नेला. "बास, बास."

यजमान स्वतः टेबलापाशी येऊन मागतायत, तर भूपेंद्र कशाला कमी करतो. त्यानं आणखी सरकवलं. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाण्यात दोन ओळींच्या मध्ये थोडी जागा असते, तेवढ्यात मी मागे ललितकडे बघितलं. त्याला काही पत्ता नव्हता. खरं तर मी तिथं थांबायला हवं होतं. नाना काय म्हणतायत ते मांडवात मला एकटीला कळलं होतं. मी नजर छतावरच्या पताकांकडे वळवली आणि तोच अंतरा पुन्हा सुरू केला.

नानांनी आता दोन्ही हात वर केले. भूपेंद्रनं बटण टोकाला नेलं.

मांडव हलला. खुर्च्यांवरच्या पाण्याच्या बाटल्या थरथरायला लागल्या. पंख्याखालचे पुरुष आधी माना वर करून बघायला लागले, मग उठले. हळदीचे हात घेऊन बाया आल्या, नवरदेवाला पाटावरून ओढला. ज्यांना नाचता येतं ते नाचत होते आणि ज्यांना येत नाही तेही ठेक्यात हलत होते, कारण आज ठेका कुठं आहे ते शोधावं लागत नव्हतं. एकेक सूर सुटा, स्वच्छ, बरोबर पायाखाली. याच तारा महिन्याभरापूर्वी एवढ्या मोठ्यानं लावल्या असत्या तर लोकांनी कानावर हात ठेवले असते. झुलालभाऊ भूपेंद्रकडे डोळे वटारायला म्हणून वळले, मग त्यांनी गर्दीकडे बघितलं, आणि डोळे खाली घेतले.

नाना मात्र पेटले होते. भूपेंद्रचा नाद सोडून ते थेट मंचाकडे निघाले. माझ्या हातातला माइक काढून घेणार हे त्यांच्या चालीतच दिसत होतं. गाणं आवरतं घेणं भागच होतं. माझी वेळ भरली होती.

मंचाला लागूनच पहिल्या खुर्चीत नानांच्या पत्नी, धुरपदाबाई, बसल्या होत्या. त्यांना बरीच वर्षं ऐकू येत नाही, हे आम्हाला आल्या आल्या घरच्यांनी सांगितलं होतं. नातवाची हळद जवळून दिसावी म्हणून त्यांना तिथं बसवलेलं. मी गात होते तेव्हा त्या माझ्या ओठांकडे बघून हसत होत्या, आणि लोक टाळ्या वाजवतील तेव्हा टाळ्या वाजवत होत्या. आता त्यांचा उजवा हात मंचाच्या फळीवर पालथा पडलेला होता. नाना जवळून जायला लागले तसा त्यांनी त्यांचा सदरा धरला.

"हे काय वाजून राह्यलं?" त्या म्हणाल्या. ऐकू न येणाऱ्या माणसांचा आवाज मोठा असतो, त्यामुळे मलाही कळलं.

नाना सवयीप्रमाणे त्यांच्या कानाशी ओरडायला वाकले, आणि मध्येच थांबले. "तुले आयकू येते?" त्यांनी विचारलं. ते अर्थातच त्यांना ऐकू आलं नाही.

"एकेक पाऊल येते," धुरपदाबाई म्हणाल्या. "कोनी जिना उतरून राह्यलं असं वाटते." आणि फळीवर त्यांनी बोटांनी ठेका धरला. ललित वाजवत होता तोच. एकही मात्रा चुकली नाही.

नाना त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. मग स्वतःचा पंजा त्यांनी फळीवर ठेवला. मी गाणं संपवलं. ललितचा शेवटचा सूर हळूहळू विरला, आणि धुरपदाबाईंची बोटं थांबली.

"थांबलं का?" त्यांनी विचारलं. चेहरा एवढासा झाला.

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्या आठ्या कुठं गेल्या कोणास ठाऊक. "पोरी," ते म्हणाले, "ते जाड वाजते, त्याले काय म्हनतात?"

"बास," मी म्हणाले.

"नाही नाही, बास नको. चालू ठेवा. मी नाव इचारून राह्यलो."

"नाना, त्याचं नावच बास."

नाना माझ्याकडे बघत राहिले, मग वळून भूपेंद्रकडे. भूपेंद्रनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याला आता कळलं होतं. नानांच्या खांद्याला हिसके बसायला लागले, मला वाटलं खोकतायत, पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी मागे आचाऱ्याला हात केला आणि सांगितलं की बट्टी राहू द्या थोडी.

मी ललितला पुढं बोलावलं. आजवर तो कधी ढोलकीच्या पुढं आलेला नाही. आला, आणि मंचाच्या कडेला पाय सोडून बसला. मी त्याच्या कानात सांगितलं की या आजींना ऐकू येत नाही, फक्त तुझं येतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. धुरपदाबाईंनी तोवर हात फळीवरून उचलून सरळ गिटारच्या लाकडावर ठेवला होता. एरवी गिटारला कोणी हात लावला की ललित कासावीस होतो. आज त्यानं गिटार थोडी त्यांच्याकडे कलती केली आणि वाजवायला लागला. ढोलकी नाही, कीबोर्ड नाही, एकटा बास. मांडवात तीनशे माणसं, आणि कोणी बोलत नव्हतं. धुरपदाबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. मी माइक खाली घेतला आणि रडले. मंचावर रडणारी गायिका मला आवडत नाही, पण रडले.

झुलालभाऊ ढोलकीच्या मागे उभे होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी पुन्हा घातली, बाकी काही नाही.

बट्ट्या दगड झाल्या. सगळ्यांनी वरणात बुडवून, हसत हसत खाल्ल्या.

दुपारी परत निघालो. ऊन रणरणत होतं. झुलालभाऊ ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे, बाकीचे आमच्या मागे झोपलेले. जळगाव गेलं, एरंडोल गेलं, भाऊ बोलेनात. मी मुद्दाम काही विचारलं नाही. मला माझ्या तोंडाचा भरवसा नव्हता.

मग भाऊंनी मागे न बघता विचारलं, "ललित, ह्या तारा कितला दिन चालतीन?"

मला वाटलं, आता हा म्हणणार की तुटेपर्यंत. इतकी वर्षं हेच ऐकलंय.

"उकाळेल शेतस, भाऊ," ललित म्हणाला. "दोन-चार कार्यक्रम. मंग परत मरतीन. नव्या लावना पडतीन. आनि दर दोन-तीन महिनाले बदलना पडतीन."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत होता, पण कान लाल झाले होते.

भाऊंनी आरशातून मागे बघितलं.

"मंग बदलत जाय ना, भो," ते म्हणाले. "आखाजीना सननंतर चोपडाले कामिनीनं लगीन शे. नानासनी आपलेच सांगेल शे. त्या मायले ऐकू यावाले पाहिजे."

ललितनं माझा हात धरला, पुढं भाऊ बसलेत याचंही भान न ठेवता, आणि पारोळा मागे पडेपर्यंत सोडला नाही.